टेकडीलगतची सोसायटी आणि आपले वन्य शेजारी: पावसाळ्यापूर्वीची तयारी

टेकडीकाठ

नमस्कार.

आमची सोसायटी वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, कोथरूडच्या बाजूला आहे. मागची संरक्षक भिंत संपली की लगेच टेकडीचा उतार सुरू होतो. मृग जवळ आला की आमच्या व्हॉट्सॲप समूहावर दरवर्षी तीच छायाचित्रे आणि तीच घबराट फिरू लागते: पार्किंगमध्ये साप, सहाव्या मजल्याच्या सज्जाखाली आग्या मोहोळ, रात्री पत्र्यावर धावणारे कोणीतरी. त्यावरचा उपायही ठरलेला असतो, तो म्हणजे "कोणाला तरी बोलवा आणि हे येथून न्यायला सांगा". यंदा व्यवस्थापन समितीने या विषयावर एक छोटे सूचनापत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे दिले आहे, आणि त्यासाठी येथील जाणकारांची मदत हवी आहे.

माझे मत आधीच मांडतो, म्हणजे ज्यांना ते खोडायचे आहे त्यांना सोयीचे जाईल. वन्य प्राणी वस्तीत दिसल्यावर होणारे बहुतेक नुकसान प्राण्यामुळे नव्हे, तर जमलेल्या माणसांमुळे होते. डिसेंबर २०२० मधला कोथरूडचा गवा आठवा. ९ तारखेला सकाळी महात्मा सोसायटीच्या परिसरात तो दिसला, पाहता पाहता गर्दी झाली, लोक मोबाईल उंचावून त्याच्या मागे धावले, तो फाटकांवर आणि भिंतींवर आदळत जखमी झाला. अखेर त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले खरे, परंतु त्याच दिवशी तो दगावला. पुढे २२ तारखेला बावधनला दुसरा गवा आला. तेव्हा वनखात्याने आणि पोलिसांनी प्राण्याआधी माणसांना आवरले, रस्ते अडवून बघ्यांना दूर ठेवले आणि जंगलाकडची वाट मोकळी ठेवली. तो गवा आपल्या पायांनी परत गेला. तोच महिना, तेच शहर आणि गवाही तेवढाच बुजरा. फरक होता तो केवळ गर्दीचा.

म्हणून सूचनापत्रकाचे पहिले कलम माणसांविषयी असावे असे मला वाटते. परंतु साप, मधमाश्या आणि रात्रीचे ते अज्ञात पाहुणे यांच्याविषयी नेमके काय लिहावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

---

दिवड

धागा वेळेवर आला. सापांविषयी लिहितो, कारण या भागात साप पकडण्याचे काम मी वनखात्याच्या परवानगीने बरीच वर्षे करत आलो आहे.

पुणे परिसरात माणसाच्या जिवाला धोका असणारे साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सोसायट्यांमधून येणाऱ्या दूरध्वनींत मात्र बहुतेक वेळा धामण, तस्कर, कवड्या, दिवड किंवा नानेटी निघते. त्यांतली कवड्या आणि मण्यार ही जोडी नीट ओळखता यायला हवी, कारण दोघेही रात्री हिंडतात, दोघांच्याही अंगावर आडवे पांढरे पट्टे असतात आणि दोघेही घरात शिरतात. मण्यार काळी-निळसर आणि तुकतुकीत असते. तिच्या डोक्यामागचा काही भाग बहुधा पट्ट्यांविना असतो आणि शेपटीकडे जावे तसे पट्टे स्पष्ट होत जातात. कवड्या तपकिरी असतो, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. तो पालींच्या मागे भिंतीवर चढतो, म्हणून दिव्याजवळ किंवा खिडकीच्या चौकटीत सापडतो. एवढे सांगून एक इशाराही देतो: ही माहिती कुतूहलासाठी आणि सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी आहे. पट्टे मोजण्यासाठी कोणीही खाली वाकू नये.

घोणस ओळखणे त्या मानाने सोपे आहे. जाड अंग, त्रिकोणी डोके, पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि डिवचल्यास कुकरच्या शिटीसारखा दीर्घ फुत्कार. ती अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते आणि एका वेळी डझनांनी देते, त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटापासून तिची वीतभर पिल्ले दिसू लागतात. लोक त्यांना अजगराची पिल्ले समजून उचलतात. पिल्लू जन्मापासूनच विषारी असते.

आता वादाचा मुद्दा. "पकडून लांब सोडा" हा आग्रह मला मान्य नाही. सापाला आपल्या परिसरातली बिळे, पाणी आणि लपण्याच्या जागा माहीत असतात. अनोळखी डोंगरात सोडलेला साप सैरभैर भटकतो आणि भटकणारा साप गाडीखाली, मुंगसाच्या तोंडी किंवा दुसऱ्या वस्तीत जातो. शिवाय येथली धामण गेली म्हणजे तिच्या वाट्याचे उंदीर तुमच्याकडे शिल्लक राहिले. बागेत दिसलेल्या बिनविषारी सापाला जाऊ द्यावे. घरात शिरलेला किंवा विषारी साप असेल तर मात्र एकाने दुरून नजर ठेवावी, बाकीच्यांनी मागे व्हावे आणि वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

---

निंबोणी

दिवड यांचे लेखन माहितीपूर्ण आहे, परंतु ते मोठ्या माणसांसाठी आहे. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे आणि आमचे घर तळमजल्यावर आहे. साप बिनविषारी आहे हे मला कळून उपयोग नाही, कारण मुलगा त्याला हात लावायला धावणार आहे. "जाऊ द्यावे" असे लिहिणाऱ्यांनी रात्री अडीच वाजता मोरीत साप पाहिलेला नसतो, असे मला नेहमी वाटते. निसर्गप्रेम आणि पालकांची भीती यांत दुसरीला कमी लेखू नये, एवढीच विनंती.

---

दिवड

निंबोणी, आपली भीती रास्त आहे आणि मोरीतला साप काढलाच पाहिजे. त्याविषयी दुमत नाही. मी म्हणतो ते बागेतल्या आणि कुंपणाबाहेरच्या सापाविषयी.

तळमजल्यासाठी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत आणि त्या सापाला पकडण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करावी. मोरीच्या आणि गच्चीच्या पाण्याच्या वाटांना बारीक जाळी बसवावी. सापापेक्षा आधी उंदीर तेथून येतो आणि साप त्याच्या मागे. मुलाला जमिनीवर गादी टाकून झोपवत असाल, तर पावसाळ्यापुरता पलंग वापरावा किंवा मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, कारण मण्यारीचे दंश बहुतांशी जमिनीवर झोपलेल्या माणसांना रात्री होतात. भिंतीलगत पडलेल्या फरशा, विटा आणि नूतनीकरणानंतरचा राडारोडा आजच हलवावा. आणि आपल्या इमारतीत कोणी पक्ष्यांना धान्य घालत असेल, तर ते नेमके कोठे सांडते ते पाहावे. सापाचा माग काढत गेलो की बहुतेक वेळा मी सांडलेल्या ज्वारीपाशी पोहोचतो.

---

ओपीडीनंतर

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. सूचनापत्रकात दंशाविषयी दोन ओळी असाव्यात, त्या अशा: जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये, अंगठी, बांगडी, घड्याळ काढावे, अवयव हलू देऊ नये आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने थेट मोठे रुग्णालय गाठावे.

साप मारून सोबत आणण्याची गरज नाही. आपल्याकडचे प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते आणि ते द्यायचे की नाही, हे रुग्णाच्या लक्षणांवरून ठरते. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्यासाठी आम्ही अगदी जुनी चाचणी करतो: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत सुमारे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी न हलवता २० मिनिटे ठेवायची आणि मग एकदा तिरकी करायची. रक्त घट्ट बसले असेल तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष सुरू. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर काम करते. मण्यारीच्या दंशात तर जागेवर सूज नसते, वेदना जवळपास नसतात, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून उठलेल्या माणसाच्या पापण्या जड होऊ लागल्या, बोलणे अडखळू लागले, तर पावसाळ्यात मण्यारीचा विचार झालाच पाहिजे. अशा रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या ठिकाणीच न्यावे. मध्ये मांत्रिक किंवा घरगुती काढा यांत गेलेला एक तास परत मिळत नाही.

---

सातेरी

आग्या मोहोळाविषयी लिहितो. सहाव्या मजल्याच्या सज्जाखाली ते लागते याचे कारण साधे आहे: या माश्यांना उंच कडा हवा असतो आणि आपल्या इमारती त्यांच्या दृष्टीने कडेच आहेत. त्या एकच मोठे, उघडे पोळे बांधतात. फुलोरा आणि ऋतू पाहून त्या स्थलांतर करतात, पोळे रिकामे टाकून जातात आणि पुढच्या हंगामात पुष्कळदा त्याच जागी परततात. म्हणजे आज औषध फवारून मोहोळ मारले, तरी जागा मोक्याची असल्यास पुढच्या वर्षी दुसरे येईल; आणि आज थोडे थांबलात, तर ते आपोआप जाईल.

दुर्बिणीतून पोळे एकदा तरी पाहा. गांधीलमाशी जवळ आली की पृष्ठभागावरच्या शेकडो माश्या एकामागून एक पोटे उचलतात आणि पोळ्यावरून एक चमकती लाट सरकत जाते. शत्रू गोंधळून मागे फिरतो. हे पाहिलेला माणूस सहसा फवारणीचा ठराव मांडत नाही.

तरीही धोका खरा आहे. धूर, फटाके, दगड, घारीची झडप किंवा वरून ओतलेले पाणी यांनी मोहोळ उठते. डंख बसला की त्यातून सुटणारा गंध इतर माश्यांना त्याच जागी बोलावतो, म्हणून हात झटकत उभे न राहता तोंड झाकून थेट बंद खोलीत जावे आणि काटा नखाने खरवडून ताबडतोब काढावा. संध्याकाळी घरात येणाऱ्या माश्या हल्ला करायला येत नाहीत. त्यांना दिवा ओढतो. पोळ्याच्या बाजूच्या खिडक्यांचे पडदे दिवेलागणीआधी ओढले आणि बाहेरचा पांढरा दिवा बंद ठेवला, तर निम्म्याहून अधिक तक्रारी थांबतात. पोळे लिफ्टच्या दाराशी किंवा शाळेच्या वाटेवरच असेल, तर ते हलवणे भाग आहे. परंतु ते जाणकाराकडूनच हलवून घ्यावे. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मार्गदर्शनासाठी तेथे विचारणा करता येईल.

---

पेठेतला

पत्र्यावर रात्री धावणारे पाहुणे बहुधा उदमांजर असावे. आमच्या पेठेत पडक्या वाड्यांच्या माळ्यांवर त्याचा पिढीजात मुक्काम आहे. लांब शेपूट, करडे-काळे अंग, डोळ्यांभोवती मुखवट्यासारखी खूण. फळे, उंदीर, किडे असा त्याचा संमिश्र आहार असतो. खात्री करायची असेल तर सकाळी भिंतीवर किंवा पाण्याच्या टाकीच्या झाकणावर विष्ठा शोधा. सोसायटीत भेरली माड लावलेला असेल, तर तिच्यात त्याच्या बिया जशाच्या तशा दिसतील. माळ्यात शिरण्याची वाट बुजवायची असेल, तर रात्री ते बाहेर पडल्यावर आणि आत पिल्ले नाहीत हे पाहूनच बुजवावी. अन्यथा आई बाहेर, पिल्ले आत आणि शेजारपाजार जागा, अशी अवस्था होते.

---

जुन्नरी

पुण्यात बिबट्याची बातमी आली की "पकडा आणि लांब सोडा" हीच मागणी होते, म्हणून आमच्या भागाचा अनुभव येथे नोंदवतो. आमच्याकडे बिबट्या डोंगरात कमी आणि उसात जास्त राहतो. उसात त्याला आडोसा, पाणी, डुकरे आणि गावाकडची कुत्री मिळतात. मादी तेथेच पिल्ले घालते. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर परिसरातून पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याचे सत्र चालले होते, आणि त्याच काळात माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने हा संबंध पुढे आणला. ज्या जनावराला माणसांत न दिसता राहण्याची सवय होती, ते अनोळखी मुलखात बिथरले. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच. जे बिबटे परत सोडता येत नाहीत, त्यांच्यासाठी माणिकडोहचे निवारण केंद्र आहे. परंतु त्याची क्षमता अमर्याद नाही.

आमच्या गावांत माणसे दगावली आहेत, त्यामुळे शहरातून कोणी "सहजीवन" हा शब्द सहज उच्चारला की राग येतो, हेही लिहून ठेवतो. सहजीवन म्हणजे आमच्याकडे बंदिस्त गोठा, अंगणात दिवा, आणि अंधार पडल्यावर लहान मूल एकटे बाहेर न सोडणे. रात्री शेताला पाणी द्यावे लागू नये म्हणून दिवसा वीज मिळणे, हेही त्यातच येते.

---

गच्चीवरून

दिवड यांनी धान्याचा उल्लेख केला म्हणून विचारतो. आमच्याकडे पक्ष्यांना दाणे घालण्याची रीत वडिलांपासून चालत आली आहे. तीही बंद करावी काय? मग चिमण्यांनी जावे कोठे?

---

तांबट

गच्चीवरून, आपल्या दाण्यांवर आज कोण येते ते आठवडाभर पाहा. बहुतेक पारवेच असतील. पारवा मुळात कड्याकपारींत राहणारा, आयत्या धान्यावर वर्षभर विणणारा पक्षी आहे. आपण त्याला सज्जे दिले आणि वर ज्वारीही दिली. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीमुळे फुप्फुसांना होणारा त्रास डॉक्टरांना ठाऊक आहे, आणि २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून जे रणकंदन झाले ते आपण पाहिलेच. चिमणीचा प्रश्न निराळा आहे. तिच्या पिल्लांना पहिले दिवस अळ्या आणि किडे लागतात. ते फवारलेल्या हिरवळीवर मिळत नाहीत, देशी झुडपांवर मिळतात. दाण्यांऐवजी उथळ पसरट भांड्यात रोज बदललेले पाणी ठेवावे, आणि कोपऱ्यात अडुळसा किंवा कढीपत्ता वाढू द्यावा.

याच भूतदयेचा टेकडीवरचा अवतार म्हणजे मोरांसाठी टाकलेली बिस्किटे. ती कुत्र्यांनाच मिळतात, आणि तीच कुत्री मोरांची पिल्ले मारतात.

टेकडीकाठ यांनी न विचारलेला एक विषय मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी. ती नेमकी एप्रिल ते जूनमध्ये होते, म्हणजे ऐन विणीच्या काळात. आपल्या भागातल्या जुन्या झाडांवर राखी धनेश आहेत. मादी ढोलीत शिरते, विष्ठेने तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच उभी फट ठेवते. पुढचे काही आठवडे नर वड, पिंपळ, उंबर यांची फळे आणून, एकेक फळ घशातून वर काढून त्या फटीतून तिला भरवतो. आत बसल्यावर मादी आपली उड्डाणाची पिसे गाळते. त्या काळात ती फांदी कापली गेली, तर तिला उडून जाता येत नाही. झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, परंतु परवानगी हातात असली तरी ढोली पाहून घेण्याचे काम आपणच करायचे असते. खालून पाच मिनिटे शांत पाहावे. नर ये-जा करत असेल तर लक्षात येतो.

आणि कृपया "हरित सोसायटी" म्हणून टेकडीवर रोपे लावण्याचा कार्यक्रम घेऊ नये. वेताळ टेकडीचा बराच भाग मूळचा गवताळ आहे. तेथे बाहेरून आणून लावलेल्या गिरिपुष्पाच्या दाटीखाली गवत आणि पावसाळी रानफुले मागे हटली आहेत, आणि त्यांच्याबरोबर गवतात घरटी करणारे चंडोलही. उघडे माळरान म्हणजे ओसाड जमीन नव्हे, हे आपल्या लोकांना पटवणे साप पटवण्यापेक्षा अवघड आहे.

---

टेकडीकाठ

सर्वांचे आभार. काल समितीची बैठक झाली. राडारोडा या आठवड्यात उचलला जाईल, तळमजल्यावरच्या सहा घरांना जाळ्या सोसायटीच्या खर्चाने बसतील, आणि उंबराची छाटणी पावसाळा सरेपर्यंत पुढे ढकलली आहे. केवळ वीजतारांना टेकणारी एक फांदी ढोल्या तपासून काढली जाईल. प्राणी दिसल्यास समूहावर ठिकाण न टाकता प्रथम सुरक्षारक्षकाला आणि १९२६ ला कळवावे, हे कलम बरीच वादावादी होऊन संमत झाले. दाणे घालण्याचा विषय वार्षिक सभेपर्यंत लांबणीवर पडला आहे. निंबोणी यांच्या सूचनेवरून मुलांसाठी वेगळे चित्रपत्रक करत आहोत, त्यात कवड्या आणि मण्यार शेजारी शेजारी असतील. दिवड यांनी छायाचित्रे दिल्यास बरे होईल.

एक तातडीची शंका: सी इमारतीतल्या मुलांना आज सकाळी झाडाखाली पोपटाचे पिल्लू मिळाले आहे आणि ते घरी पिंजऱ्यात ठेवण्याचा त्यांचा बेत आहे. काय सांगावे?

---

तांबट

पिंजरा नको. आपले देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि मुलांच्या पालकांना हे स्पष्ट सांगावे. पिल्लाला पुरती पिसे आली असतील आणि ते फांदी धरून बसत असेल, तर ते उडायला शिकत आहे. त्याला त्याच झाडाच्या उंच, सावलीतल्या फांदीवर ठेवून सर्वांनी दूर व्हावे. आईबाप भरवायला येतात. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खरी नाही. पिसे आली नसतील आणि ढोली दिसत असेल, तर शिडी लावून परत आत ठेवावे. जखमी असेल किंवा ढोलीच सापडत नसेल, तर हवेशीर खोक्यात फडके अंथरून, अंधारात आणि उबेत ठेवावे. तोंडात पाणी किंवा दूध घालू नये. १९२६ ला कळवून बावधनच्या वन्यजीव उपचार केंद्रात ते पोहोचवण्याची व्यवस्था करता येईल. मुलांना सोबत न्यावे. आणि तोवर सी इमारतीतली मांजर घरात ठेवायला सांगा.